सहाव्या सलाइननंतर काय?



जो विषय घेऊन मी उभी आहे तो गेली काही वर्षं आपल्या सगळ्यांच्या ओपीडीत येऊन बसला आहे. नातेवाईक विचारतात, "डॉक्टर, ते नवीन इंजेक्शन तुमच्याकडे आहे का? एका दिवसात माणूस उठून बसतो म्हणे." जे जरा वाचून आलेले असतात ते पुढचं विचारतात, सलाइनमधून घ्यायचं की नाकातला फवारा? आपणही आपापसात याच प्रश्नावर तासन्‌तास बोलतो.

माझं म्हणणं असं की हा प्रश्न आपण उलट्या टोकाकडून हातात घेतला आहे. नैराश्यावरचं ते इंजेक्शन, म्हणजे केटामाइन, कोणत्या वाटेने द्यायचं हे ठरवण्याआधी सहा सलाइनांचा नेहमीचा क्रम संपल्यावर, म्हणजे सहाव्या सलाइननंतर, काय करायचं हे ठरलेलं असलं पाहिजे. पुढचे सहा महिने ज्या वाटेला झेपतील ती वाट त्या रुग्णाची. हे मी पुराव्याच्या आधारे मांडणार आहे, आणि आपल्या तालुक्याच्या गावांकडे बघून मांडणार आहे.

औषध नवीन नाही, हे भूलतज्ज्ञांना सांगायला नको. १९६२ साली डेट्रॉइटच्या पार्क-डेव्हिस कंपनीसाठी केल्विन स्टीव्हन्स या रसायनशास्त्रज्ञाने ते बनवलं. १९६४ मध्ये एडवर्ड डॉमिनो आणि गुंटर कॉर्सन यांनी मिशिगनमधल्या कैद्यांवर ते प्रथम वापरलं. कैद्यांवर, ही गोष्ट आपण विसरू नये. १९७० मध्ये अमेरिकेत परवानगी मिळाली आणि १९८५ पासून ते जागतिक आरोग्य संघटनेच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत आहे. श्वास चालू राहतो, रक्तदाब कोसळत नाही, म्हणून ज्या ग्रामीण रुग्णालयांत व्हेंटिलेटर नव्हता तिथे भाजलेल्या रुग्णांची ड्रेसिंगं याच औषधाच्या आधाराने झाली. बिबट्याला बेशुद्ध करण्यासाठी वनखात्याच्या बंदुकीतून जे मिश्रण जातं त्यातही हेच असतं. मोबाइलवर शोधून आलेला मुलगा जेव्हा घाबरून म्हणतो, "मॅडम, आईला जनावराचं औषध देताय का?" तेव्हा त्याला गप्प करू नका. त्याला मात्रा समजावून सांगा. शस्त्रक्रियेच्या भुलेसाठी साठ किलोच्या माणसाला शिरेतून साठ ते एकशेवीस मिलिग्रॅम लागतं. नैराश्यासाठी आपण तीस मिलिग्रॅम देतो, तेही चाळीस मिनिटांत थेंब थेंब.

हे चाळीस मिनिटांचं गणित येल विद्यापीठातून आलं. २००० साली तिथल्या गटाने सात रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला. सातच. २००६ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य संस्थेत कार्लोस झराटे आणि सहकाऱ्यांनी तो अधिक काटेकोरपणे केला. एका दिवसानंतर ७१ टक्के रुग्णांची लक्षणं निम्म्याने किंवा त्याहून जास्त कमी झाली होती. वर्तमानपत्रांनी हा आकडा उचलला. त्याच निबंधात दुसरा आकडा होता, तो कुणी उचलला नाही. आठवडाभर सुधारणा टिकली ती ३५ टक्क्यांत.

पुढे सहा सलाइनांचा क्रम रूढ झाला, आठवड्यातून तीन, दोन आठवडे. जेम्स मरो यांच्या २०१३ मधल्या अभ्यासात चोवीस रुग्णांपैकी ७१ टक्क्यांच्या आसपास लोकांना सहा सलाइनांनंतर चांगला फरक पडला. नंतर औषध थांबवल्यावर त्यांतल्या निम्म्या लोकांचं नैराश्य अठरा दिवसांच्या आत परतलं. अठरा दिवस! घरात पुन्हा चूल पेटते, बाई मुलीच्या शाळेत पालकसभेला जाऊन येते, शेजारच्या बायका म्हणतात, "किती छान झाली गं," आणि तिसऱ्या आठवड्यात ती पुन्हा भिंतीकडे तोंड करून झोपते. या वेळची निराशा आधीच्यापेक्षा धोक्याची असते, कारण आता तिच्याकडे पुरावा आहे की सगळ्यात नवीन औषधही आपल्यावर चाललं नाही. आत्महत्येचा विचार करणाऱ्या माणसाच्या हाती असा पुरावा देण्याचा आपल्याला अधिकार नाही. २०२२ च्या राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागाच्या अहवालात देशात सर्वाधिक आत्महत्या आपल्या महाराष्ट्रात नोंदल्या गेल्या आहेत, २२,७४६. ही संख्या मनात ठेवून मी पुढचं बोलते आहे.

आता वाटांकडे येते. केटामाइनच्या रेणूची दोन रूपं असतात, एकमेकांची आरशातली प्रतिबिंबं. आपल्या कुपीत दोन्ही मिसळलेली असतात. त्यांतलं एक रूप, एस्केटामाइन, वेगळं काढून नाकात मारायच्या फवाऱ्यात भरलं गेलं. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने ५ मार्च २०१९ रोजी 'स्प्राव्हॅटो' या नावाने त्याला मान्यता दिली, आणि जानेवारी २०२५ मध्ये ते इतर नैराश्यविरोधी गोळीशिवाय एकट्यानेही देण्याची मुभा दिली. पहिले चार आठवडे आठवड्यातून दोनदा, पुढचे चार आठवडे एकदा, मग आठवड्याला किंवा पंधरवड्याला. दर वेळी किमान दोन तास देखरेखीखाली बसायचं, आणि दुसऱ्या दिवशी झोप पुरी होईपर्यंत गाडी चालवायची नाही.

या फवाऱ्याच्या मागे मोठ्या चाचण्या आहेत, ही त्याची खरी ताकद. पण त्या चाचण्या नीट वाचल्या पाहिजेत. चार आठवड्यांच्या मुख्य चाचण्यांपैकी दोन संख्याशास्त्राच्या कसोटीला उतरल्या नाहीत. जी उतरली तिच्यात औषध नसलेल्या फवाऱ्यापेक्षा खऱ्या औषधाने साठ गुणांच्या मापावर सुमारे चार गुणांचा जास्त फरक पाडला. हा फरक छोटा आहे असं म्हणून काही जण ते मोडीत काढतात. मी काढत नाही. दोन्ही गटांना त्याच वेळी नवीन गोळीही सुरू केली होती, आणि त्या गोळीवर चढून मिळालेले हे चार गुण आहेत. मला जास्त महत्त्वाची वाटते ती औषध थांबवून पाहणारी चाचणी. ज्यांना पूर्ण बरं वाटत होतं त्यांच्यापैकी फवारा चालू ठेवलेल्यांत सुमारे २७ टक्क्यांचं नैराश्य उलटलं, बंद केलेल्यांत ४५ टक्क्यांचं. चालू ठेवलं तर जास्त जणांत टिकतं, बंद केलं तर कमी जणांत, हे इतक्या स्पष्टपणे सांगणारा आकडा सलाइनच्या बाजूला अजून नाही. क्वेटियापीनशी तुलना करणारी २०२३ मधली चाचणीही फवाऱ्याच्या बाजूने गेली. आठव्या आठवड्यात पूर्ण आराम २७ टक्क्यांना पडला, क्वेटियापीनवर १७.६ टक्क्यांना. या चाचणीत ६७६ रुग्ण होते. म्हणजे फवाऱ्यावरही चारांतल्या तिघांना पूर्ण आराम पडला नव्हता, हेही नातेवाइकांना सांगायचं असतं.

आणि किंमत. फवारा बाजारात आला तेव्हा अमेरिकेतली एका वेळच्या मोठ्या मात्रेची छापील किंमत ८८५ डॉलर होती. इंग्लंडच्या नाइस या संस्थेने डिसेंबर २०२२ मध्ये तो सरकारी खर्चाने देण्याची शिफारस करायला नकार दिला. स्कॉटलंडने तो २०२० मध्येच स्वीकारला होता. जवळजवळ त्याच पुराव्यावर, एकाच बेटावर, दोन प्रामाणिक संस्थांचे दोन निर्णय. त्यामुळे "मॅडम, यातलं चांगलं कोणतं?" या प्रश्नाला सगळ्यांसाठी एकच उत्तर असेल अशी अपेक्षा मी कधी ठेवत नाही.

मिश्र केटामाइनची कुपी आपल्याकडे स्वस्त आहे. एका मिलिलिटरमध्ये पन्नास मिलिग्रॅम असतं, तीस मिलिग्रॅमला एक मिलिलिटरही लागत नाही. त्याचं पेटंट कधीच संपलं, म्हणून त्यावर मोठी चाचणी करायला कुठली कंपनी पुढे येत नाही. दोघांची थेट तुलना कमी झाली आहे. ब्राझीलमधल्या, २०२० साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात ६३ रुग्णांवर दोन्ही औषधं शिरेतून देऊन पाहिली, तेव्हा एस्केटामाइन मिश्र केटामाइनपेक्षा कमी पडलं नाही, आणि पुढेही गेलं नाही. ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडमधल्या २०२३ च्या चाचणीचं मला विशेष मोल वाटतं. तिथे त्यांनी साधं, स्वस्त केटामाइन इन्सुलिनसारखं कातडीखाली टोचलं. ठरावीक मात्रा दिली तेव्हा तुलनेसाठी दिलेल्या मिडॅझोलॅमपेक्षा फरक दिसला नाही. गरजेप्रमाणे मात्रा वाढवत नेली तेव्हा जवळजवळ २० टक्क्यांना पूर्ण आराम पडला, मिडॅझोलॅमवर दोन टक्क्यांना. शीर शोधायला नको, पंप नको. तालुक्याच्या रुग्णालयासाठी ही वाट आपण गांभीर्याने तपासली पाहिजे. महाराष्ट्रातल्या वैद्यकीय महाविद्यालयांच्या मनोविकार विभागांनी हे काम हातात घ्यावं अशी माझी जाहीर विनंती आहे.

तोंडावाटे किंवा जिभेखाली ठेवायच्या गोळ्यांबद्दल थोडक्यात. तोंडातून घेतलेल्या केटामाइनपैकी रक्तात पोचतं ते साधारण पाचव्या हिश्शाएवढं, आणि प्रत्येकात वेगळं. पुरावा तुटपुंजा आहे. अमेरिकेत या गोळ्या डाकेने घरी पाठवण्याचा धंदा वाढला, आणि ऑक्टोबर २०२३ मध्ये तिथल्या अन्न व औषध प्रशासनाला त्याविरुद्ध इशारा द्यावा लागला. त्याच महिन्याच्या शेवटी अभिनेता मॅथ्यू पेरी आपल्या घरी मृतावस्थेत सापडला. त्याच्या मृत्यूचं मुख्य कारण केटामाइनचा परिणाम हे ठरलं. तो नैराश्यासाठी रीतसर केटामाइन घेत होता, पण जिवावर बेतलं ते देखरेखीबाहेर मिळवलेलं. माझ्या मते आपल्याकडे हे औषध घरी देण्याचा विचारही नको. ते शेड्यूल एक्समध्ये आहे, त्याची चिठ्ठी दोन प्रतींत लागते आणि दुकानदाराला एक प्रत दोन वर्षं जपावी लागते. या नियमाचा कंटाळा करू नका.

आणि मग शॉक. विजेचे उपचार म्हणा, ईसीटी म्हणा, हा शब्द उच्चारला की घरातली म्हातारी माणसं उठून उभी राहतात. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने भूल आणि स्नायू सैल करणारं औषध दिल्याशिवाय ईसीटी करायला मनाई केली आहे. आता केटामाइन आल्यावर पुष्कळांना वाटू लागलं की शॉकची गरज संपली. या समजुतीला २०२३ च्या अमेरिकन चाचणीने बळ दिलं. भ्रम नसलेल्या, बहुतांशी घरून ये-जा करणाऱ्या ४०३ रुग्णांत केटामाइनने ५५ टक्क्यांना फरक पडला, ईसीटीने ४१ टक्क्यांना. पण स्वीडनमध्ये रुग्णालयात दाखल केलेल्या १८६ रुग्णांत उलटं झालं. ईसीटीने ६३ टक्के पूर्ण बरे झाले, केटामाइनने ४६ टक्के. या दोन चाचण्यांत मला विरोध दिसत नाही. पहिलीतले बहुतेक रुग्ण स्वतःच्या पायांनी चालत येत होते. दुसरीत भ्रम असलेलेही होते, वयस्कही होते. जो माणूस जेवत नाही, पाणी घेत नाही, "माझी आतडी सडली आहेत" म्हणतो, त्याला आपण ईसीटीच सुचवावं, आणि नातेवाइकांच्या डोळ्यांत भीती दिसली तरी सुचवावं. तिथे सलाइन देऊन दोन आठवडे घालवणं मला मान्य नाही. उलट जी शिक्षिका कशीबशी नोकरी सांभाळते आहे, जिला स्मरणशक्तीची काळजी आहे, तिच्यासाठी केटामाइन आधी हे रास्त.

आता ज्यावर चाचण्यांत फार लिहिलेलं नाही त्याबद्दल. आपल्या गावांत सलाइनवर श्रद्धा आहे. अंगात त्राण नसलं, थकवा असला, सुगीआधी जोर हवा असला, की "एक सलाइन लावा" असं माणसं हक्काने सांगतात. ती बाटली लटकलेली दिसली की निम्मं दुखणं जातं. स्टॅनफर्डमधला एक विलक्षण प्रयोग २०२३ साली प्रसिद्ध झाला. शस्त्रक्रियेसाठी पूर्ण भूल दिलेल्या चाळीस नैराश्यग्रस्तांपैकी निम्म्यांना भुलेतच केटामाइन दिलं, निम्म्यांना साधं सलाइन. काय मिळालं हे रुग्णांपैकी कुणालाच कळू शकत नव्हतं. दोन्ही गटांचं नैराश्य सारखंच उतरलं, आणि चांगलंच उतरलं. ज्याची आशा मोठी त्याला फरक जास्त. याचा अर्थ केटामाइन निकामी आहे असा मी लावत नाही. भुलेची औषधं, ऑपरेशनच्या दिवशी भोवती जमलेली माणसं, या सगळ्याचा त्यात वाटा असू शकतो. पण आशा हीसुद्धा उपचारात मिसळलेली असते, आणि सलाइनवर आधीच श्रद्धा असलेल्या मुलखात तिचं प्रमाण खूप असणार. म्हणून "चार दिवसांत बरी करतो" अशा जाहिराती करून ती आशा फुगवणाऱ्यांना मी या व्यासपीठावरून विनवते की हे करू नका. फुगवलेली आशा अठराव्या दिवशी रुग्णाच्या अंगावर येते.

तसंच त्या चाळीस मिनिटांबद्दल. रुग्ण म्हणतात, "हात माझे वाटत नव्हते," "मी वर छताशी होते आणि खाली मला बघत होते." आधी सांगितलेलं नसेल तर बाहेर बसलेली सासू म्हणते, अंगात आलं. दुसऱ्या दिवशी देवऋषी घरी येतो आणि उपचार तिथेच संपतो. हे मी पाहिलं आहे. म्हणून पहिल्या सलाइनच्या आदल्या भेटीत, रुग्ण आणि घरातल्या ज्या माणसाचा शब्द चालतो ते माणूस, दोघांना समोर बसवून काय वाटेल ते साध्या भाषेत सांगा. खोलीत आवाज कमी, उजेड मंद, आणि परिचारिका पूर्ण वेळ जवळ. रक्तदाब चाळिसाव्या मिनिटाच्या आसपास सर्वांत चढलेला असतो, तेव्हा मोजायला कुणी नसणं अक्षम्य आहे. मेंदूतल्या रक्तवाहिनीला फुगवटा असलेल्यांना, मेंदूत पूर्वी रक्तस्राव झालेल्यांना, आटोक्यात नसलेल्या रक्तदाबाच्या रुग्णांना आणि गरोदर स्त्रियांना ही वाट बंद. जे नशेसाठी मोठ्या मात्रेत सतत घेतात त्यांच्या मूत्राशयाला होणारी इजा आता सर्वज्ञात आहे. आपल्या छोट्या मात्रेत ती दिसायची शक्यता कमी, तरी महिनोन्‌महिने घेणाऱ्याला लघवीची तक्रार दर भेटीत विचारा.

त्याही आधीचं एक काम आहे. नैराश्य खरंच दाद देत नाही का? व्याख्येप्रमाणे दोन वेगवेगळी औषधं, पुरेशा मात्रेत, पुरेसे आठवडे घेऊनही फरक पडला नाही, तरच ते दाद न देणारं. आपल्याकडे चिठ्ठ्यांची पिशवी उलटी केली तर पाच औषधं दिसतात, पण त्यांतलं प्रत्येक तीन आठवड्यांत, निम्म्या मात्रेत थांबलेलं असतं. कारण कुणीतरी सांगितलेलं असतं, "गोळ्यांची सवय लागेल." थायरॉइड तपासलं का? बी-ट्वेल्व्ह? रात्री दारू? कधी काळी आठ दिवस झोपेशिवाय उत्साहात गेले होते का, म्हणजे हे द्विध्रुवी तर नाही? लिथियम जोडून पाहिलं का? हे करताना बऱ्याच रुग्णांना केटामाइनची गरजच उरत नाही. ज्यांची उरते त्यांच्यासाठी मात्र आपण उशीर करू नये. चौथी, पाचवी, सहावी गोळी बदलत दोन वर्षं काढणं हाही एक निर्णयच असतो, आणि तो रुग्णाच्या आयुष्यातून वजा होतो.

आता सहाव्या सलाइनकडे. समजा, पाटण तालुक्यातल्या एका गावातून एक बाई आपल्या शहरात येते. एसटीने येताना दोन तास, परतताना दोन तास. सोबत भाऊ, त्याची एक दिवसाची मजुरी बुडालेली. सहा खेपांच्या खर्चासाठी त्यांनी कर्ज काढलं आहे. तिला मोफत औषध दिलं तरी दर पंधरवड्याची खेप तिला झेपेल का? मानसिक आजाराला शारीरिक आजारासारखाच विमा द्यावा हे कायद्यात आहे, पण अनेक पॉलिसी चोवीस तासांची भरती मागतात आणि आपली सलाइन देखरेखीसह तीन तासांत संपते. हा हिशेब पहिल्या दिवशी तिच्या समोर मांडला तर ती कदाचित म्हणेल, मला शॉक द्या, लवकर संपेल. किंवा म्हणेल, सहा खेपा करते, पण त्या दोन आठवड्यांत नवीन गोळी चालू करा आणि आमच्या आशाताईंना सांगा, मी गोळी घेते की नाही ते बघायला. दोन्ही उत्तरं शहाणपणाची आहेत. तिला हे विचारलंच नाही, तर तिच्या वतीने आपण कुठलाही फवारा किंवा सलाइन निवडलेली काय उपयोगाची?

म्हणून आज या परिषदेपुढे मी एक ठोस प्रस्ताव ठेवते. केटामाइन देणाऱ्या प्रत्येकाने, तो सरकारी असो वा खाजगी, एकाच नमुन्याची एक पानी नोंद ठेवावी. त्यात आधीची औषधं मात्रा आणि आठवड्यांसह, वाट, मात्रा, रक्तदाब, कोण सोबत आलं, एकूण खर्च, सलाइननंतरची योजना, आणि पहिल्या, तिसऱ्या, सहाव्या महिन्याला रुग्ण कसा आहे हे असावं. वर्षाच्या शेवटी रुग्णांची नावं वगळून या नोंदी एकत्र केल्या, तर आज ज्या प्रश्नावर आपण परदेशी आकडे वाचतो त्यावर आपल्या गावांतले आकडे आपल्या हाती येतील. त्यांत आपल्या उपचारांनंतर किती जण पुन्हा आजारी पडले हेही दिसेल, आणि ते दिसायला हवं. नमुन्याचा मसुदा आपल्या पिशव्यांमध्ये ठेवला आहे, त्यासोबत रुग्णांना द्यायचं सोप्या मराठीतलं एक पानही आहे. भूलतज्ज्ञ मित्रांनी रक्तदाबाचे रकाने बघावेत, परिचारिकांनी त्यांच्या दोन तासांचं काम त्यात नीट आलं आहे का ते तपासावं. दुपारी तीन वाजता याच सभागृहात त्यावर चर्चा आहे. जिल्हा रुग्णालयांतल्या सहकाऱ्यांनी आधी बोलावं अशी माझी विनंती आहे, कारण सहाव्या महिन्याचा रकाना कसा भरायचा ही अडचण सगळ्यात जास्त त्यांनाच येणार आहे.